शेरा

सकाळी सातला नेस्टर हावरिश
उघडे पाय गमबुटांत खुपसून कुंपणापाशी जातो.
पर्जन्यमापकात आज एक मेलेली माशी
आणि बोटाच्या पेरावर मावेल एवढी राख.
माशी तो नखाने उडवतो.
राखेसाठी तक्त्यात रकाना नाही.

एकतीस वर्षं तो हा तक्ता भरतोय.
पाऊस मिलिमीटरमध्ये.
बर्फ काठी उभी धरून.
गारा मटाराएवढ्या की अक्रोडाएवढ्या, तेही.
लारिसा म्हणायची, तुझी माया दशांशात मोजावी लागते.
तो म्हणायचा, निदान फुगवून तर सांगत नाही.

रेडिओवर वसंताचा अंदाज लागलाय.
विनिपेगहून एक पोरसवदा आवाज:
मे ते जुलै, सरासरीहून जास्त पाऊस, तेहतीस टक्के.
सरासरीहून कमी, तेहतीस.
सरासरीइतका, तेहतीस.
समान शक्यता.
नेस्टर कॉफीच्या मगाआड हसतो,
एक टक्का कुठं सांडलास रे बाबा?

उत्तरेला अकरा दिवस जंगल जळतंय.
पहिल्या दिवशी वास शेकोटीचा होता,
बरा वाटला,
हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तिसऱ्या दिवशी त्यात छपराचं डांबर मिसळलं,
मग गाद्या, टायर,
कुणाच्या तरी फ्रीजचं दार.
"आता झाडं नाहीत, घरं," म्हणाला तो
कुत्र्याला.

भर दुपारी सूर्य म्हणजे उकडलेल्या बीटाची चकती,
नुसत्या डोळ्यांनी बघून घ्या.
चोवीस अंश सांगितले होते, पारा एकोणिसावर अडलाय.
शेजारचा पोरगा दिवसाढवळ्या दिवे लावून
कॅनोला पेरतोय,
कोरड्या मातीत, समान शक्यतांवर.
वरून क्रौंच चाललेत.
दिसत नाहीत. फक्त आवाज सरकतो दक्षिणेकडून उत्तरेकडे,
तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.
अरे, तिकडे कुठं?

आइस हॉकीच्या रिंकमधला बर्फ एप्रिलातच काढला होता,
तिथे आता खाटा.
बटाट्याच्या वारेनिकींचं पातेलं घेऊन तो जातो.
झाकण उघडते व्हर्ना लिंकलेटर,
दोन बसगाड्या, एक बोट आणि पुन्हा एका बसने आलेली,
पर्समध्ये फ्रीजरची किल्ली. फ्रीजरमध्ये अर्धा मूस.
"पाऊस मोजणारा तो तूच ना?
मग आमच्याकडे पडला का सांग."
तो म्हणतो, माझं भांडं फक्त माझ्या अंगणाचं बोलतं.
"आणि वारा?"
वायव्येचा.
ती त्याच्या टोपीवरची राख चिमटीत घेते,
चोळते, हुंगते.
"स्प्रूस," म्हणते.
मग पुन्हा हुंगते,
बराच वेळ,
आणि चिमूट रुमालात पुसून टाकते.
वारेनिकींत मीठ कमी आहे म्हणते.

रात्री तक्ता.
पाऊस: शून्य पूर्णांक शून्य.
शेऱ्याच्या जागी तो लिहितो धूर, वारा वायव्य,
थोडं थांबून लिहितो स्प्रूस,
आणि मग पेनची टोपी लावतो, काढतो, लावतो.

पावणेदोनला पत्र्यावर टप.
मग टप, टप.
टॉर्च घेऊन बाहेर येईतो संपलंसुद्धा.
पिकअपच्या काचेवर सहा-सात मातकट डाग,
भांड्याचा तळ नुसता ओलसर.
याला शब्द आहे, तो हजारदा लिहिलाय त्याने:
लेशमात्र.
मोजण्याइतका नाही, पण पडला.

इथे पडला म्हणजे तिथे पडला असं नसतं,
हे नेस्टर हावरिशइतकं पक्कं या तालुक्यात कुणालाच माहीत नाही.
तरी तो गमबुटांतच रिंकपर्यंत येतो.
आत दीडशे माणसं झोपलीत, कुणीतरी खोकतंय,
दाराचा आडवा दांडा हाताला गार लागतो.
सात थेंबांसाठी कुणाला उठवायचं का,
हे तो टॉर्च विझवून
ठरवत उभा आहे.